वीज पारेषण शुल्कावर कमाल मर्यादा घातली तर कोणाचं भलं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या वीजनिर्मिती प्रकल्पांनी पारेषण जाळ्यासाठी किती शुल्क भरावं आणि त्याला वरून मर्यादा असावी का, हा वाद 2024 पासून तापला आहे. दोन्ही बाजू मॉडेलं पुढे करतात. एका मॉडेलात ग्राहकांची बचत दिसते, दुसऱ्यात तेच ग्राहक भुर्दंड सोसताना दिसतात, आणि गंमत म्हणजे दोन्हींतली बेरीज-वजाबाकी बरोबर असते. फरक गृहीतकांत असतो. ती गृहीतकं कुठे दडलेली असतात, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. अर्थशास्त्राची तोंडओळख असली की पुरे.

हे शुल्क नेमकं कसलं?

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांचं उच्चदाब वीजजाळं एक आहे. उत्तर आयर्लंड त्यात येत नाही. या जाळ्याच्या वाहिन्या, मनोरे, उपकेंद्रं यांचा खर्च टीएनयूओएस नावाच्या शुल्कातून वसूल होतो. त्यातला काही भाग निर्मिती प्रकल्प भरतात, मोठा भाग वीजग्राहकांवर पडतो. निर्मितीसाठी देशाचे 27 विभाग पाडले आहेत, मागणीसाठी 14. दर ठरवायचं काम नीसो ही सरकारी मालकीची यंत्रणा दरवर्षी करते आणि नियम मंजूर करायचा अधिकार ऑफजेम या नियामकाकडे आहे.

विभागवार दर काढायची पद्धत 1993 पासून तत्त्वतः तीच आहे. एखाद्या ठिकाणी एक मेगावॉट जास्तीची वीज आत आली, तर जाळ्यावर किती मेगावॉट-किलोमीटर भार वाढतो ते पाहायचं आणि त्याला वाहिनीच्या खर्चाने गुणायचं. उत्तरेत वारा भरपूर आणि वापर थोडा, म्हणून तिथली वीज शेकडो किलोमीटर दक्षिणेकडे वाहून न्यावी लागते. साहजिकच उत्तर स्कॉटलंडमधला पवनप्रकल्प सगळ्यांत महाग दर भरतो, तर नैऋत्य इंग्लंडसारख्या भागात दर उणेही निघतो. उणे म्हणजे प्रकल्पालाच पैसे मिळतात.

मर्यादेची कल्पना आली कुठून?

2023 मध्ये पुढच्या दहा वर्षांच्या दरांचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि उत्तरेकडचे आकडे पाहून विकासकांचे डोळे विस्फारले. जाळं वाढवायला घेतलं की त्याचा खर्चही सूत्रात शिरतो, आणि तो सर्वाधिक उत्तरेला लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये ऑफजेमने खुल्या पत्रातून तात्पुरत्या उपायाची गरज मांडली आणि नीसोने सीएमपी444 हा नियमबदलाचा प्रस्ताव दाखल केला: विभागीय दराला वरून कमाल मर्यादा, खालून किमान मर्यादा. 2030 पर्यंत स्वच्छ विजेचं सरकारी उद्दिष्ट गाठायचं तर स्कॉटलंडचा वारा लागणार, आणि दर कुठवर जातील हे माहीत नसताना सरकारी वीजकरारांच्या लिलावात बोली कशी लावायची, असा तो पेच होता.

किलोवॉटमागे पौंड म्हणजे मेगावॉट-तासामागे किती?

शुल्क क्षमतेवर लागतं, बोली मात्र विजेवर लागते, त्यामुळे हे रूपांतर हाताशी ठेवावं. प्रकल्प वर्षभरात सरासरी 45 टक्के क्षमतेने चालला तर एका किलोवॉटमागे 3.942 मेगावॉट-तास वीज निघते. म्हणजे वर्षाला किलोवॉटमागे 1 पौंड शुल्क हे मेगावॉट-तासामागे साधारण 25 पेन्स. किलोवॉटमागे 30 पौंड असेल तर 7.6 पौंड. प्रत्यक्ष सूत्रात दराचे तीन-चार घटक आहेत आणि काही घटक प्रकल्पाच्या भारांकाने, म्हणजे तो सरासरी किती टक्के क्षमतेने चालतो त्याने, गुणले जातात, पण आवाका कळायला एवढं चालतं.

'कल्याण' मोजायचं म्हणजे काय मोजायचं?

ग्राहकांच्या हाती उरलेला लाभ, उत्पादकांचा नफा, जाळ्याच्या मालकाचं आणि सरकारचं येणं-देणं, आणि कार्बनसारखे बाजारभावात न दिसणारे खर्च, यांची बेरीज. या बेरजेत एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा शून्य धरला जातो. बदलतो तो फक्त खरा खर्च: किती पोलाद, किती तांबं, किती गॅस, किती भांडवल लागलं.

पारेषण शुल्क हे प्रामुख्याने आधीच झालेल्या किंवा होणारच असलेल्या खर्चाची वाटणी असते. त्यामुळे मर्यादेचा बहुतांश परिणाम खिसे बदलण्याचा असतो. निव्वळ कल्याण बदलतं ते दोनच ठिकाणी: प्रकल्प कुठे उभे राहतात आणि भांडवल किती महाग पडतं. अहवालातल्या ठळक आकड्यांमध्ये या दोन गोष्टी बहुधा शेवटच्या रांगेत असतात.

उदाहरणाने सांगाल का?

सांगतो. खालचे सगळे आकडे समजावण्यापुरते कल्पिलेले आहेत.

लिलावात दक्षिणेचे 2 गिगावॉट प्रकल्प मेगावॉट-तासाला 72 पौंड दराने तयार आहेत. उत्तरेचे 3 गिगावॉट 78 पौंडांना तयार आहेत, त्यात 66 पौंड प्रकल्पाचा खर्च आणि 12 पौंड पारेषण शुल्क. दक्षिणेचेच आणखी 2 गिगावॉट 80 पौंडांना. ब्रिटनच्या सीएफडी (विजेचा ठरावीक भाव देणारे सरकारी दीर्घकालीन करार) लिलावाप्रमाणे इथेही शेवटच्या निवडलेल्या बोलीचा भाव सगळ्यांना मिळतो.

सरकारला 5 गिगावॉट हवे आहेत. उत्तरेची बोली शेवटची ठरते, भाव 78. आता मर्यादेने उत्तरेचं शुल्क 5 पौंडांनी उतरवा. बोली 73 होते, भावही 73. पाचही गिगावॉटवर ग्राहकांचे 5 पौंड वाचले, म्हणजे सगळे प्रकल्प चालू असताना तासाला 25,000 पौंड. जाळ्याच्या वसुलीत 3 गिगावॉटवर खड्डा पडला, तासाला 15,000. तो ग्राहकांनीच भरला तरी 10,000 पौंड शिल्लक राहतात. हे दहा हजार आले दक्षिणेच्या पहिल्या 2 गिगावॉटच्या नफ्यातून. तेच प्रकल्प उभे राहिले, तेवढीच वीज निघाली. निव्वळ कल्याण: शून्य. ग्राहककल्याण: वाढलं.

आता सरकारला 6 गिगावॉट हवे आहेत असं धरा. शेवटची बोली दक्षिणेच्या महाग प्रकल्पाची, भाव 80. मर्यादा आणली तरी भाव 80 च. ग्राहकांना लिलावात दमडी वाचत नाही, खड्डा मात्र तसाच भरावा लागतो. उत्तरेच्या विकासकांना तासाला 15,000 पौंड वरकड. निव्वळ कल्याण पुन्हा शून्य, ग्राहककल्याण घटलं.

मर्यादा तीच, शुल्क तेच. फक्त शेवटची बोली कोणाची, यावर ग्राहकांच्या रकान्यातलं चिन्ह उलटलं. म्हणून मॉडेलात बोलींची उतरंड कशी धरली आहे, हे पाहिल्याशिवाय ग्राहकांच्या बचतीच्या आकड्याला मी तरी फार किंमत देत नाही.

मग निव्वळ कल्याण कधी हलतं?

प्रकल्पांची निवड बदलली की. वरच्याच उदाहरणात सरकारला 4 गिगावॉट हवे आहेत आणि दक्षिणेचे दुसरे 2 गिगावॉट 75 पौंडांना मिळतात असं समजा. मर्यादेविना दक्षिणेचेच चार निवडले जातात. मर्यादेनंतर उत्तर 73 वर येते आणि 75 वाला बाहेर फेकला जातो.

हे चांगलं की वाईट? उत्तरेचं 12 पौंडांचं शुल्क जाळ्यावर पडणारा खरा वाढीव खर्च दाखवत असेल, तर उत्तरेची वीज समाजाला 78 ला पडते आणि आपण 75 ची सोडून ती घेतली. दोन गिगावॉटवर तासाला 6,000 पौंडांचं नुकसान. पण समजा खरा वाढीव खर्च 5 पौंडच आहे आणि सूत्र तो फुगवून दाखवतंय. मग उत्तरेची वीज खरं तर 71 ला पडते आणि मर्यादेने तासाला 8,000 पौंडांचा फायदा झाला.

सगळा वाद या एका आकड्यावर येऊन थांबतो: शुल्क खऱ्या दीर्घकालीन वाढीव खर्चाच्या किती जवळ आहे? आणि हा आकडा मॉडेलातून बाहेर पडत नाही, तो आत घालावा लागतो. दर हाच खरा खर्च मानणारं मॉडेल मर्यादा घातली की नुकसानच दाखवणार, कारण ते निष्कर्षासकटच सुरू झालेलं असतं.

सूत्र खरा खर्च दाखवत नाही, असं मानायला काही आधार आहे का?

आहे. सूत्र धरून चालतं की भार वाढला की जाळं त्याच प्रमाणात थोडं थोडं वाढतं. प्रत्यक्षात जाळं मोठमोठ्या टप्प्यांनी वाढतं. हंटरस्टनहून समुद्रातून वेल्सला उतरणारी वेस्टर्न लिंक एकदम 2.2 गिगावॉटची आहे. पूर्व किनाऱ्यालगतच्या नव्या दोन वाहिन्या, टॉर्नेसची आणि पीटरहेडची, प्रत्येकी 2 गिगावॉटच्या. अशी वाहिनी बांधायचं एकदा ठरलं की पुढच्या मेगावॉटचा वाढीव खर्च बराच काळ जवळपास नसतोच, दरात मात्र तो दिसतो. दुसरं, जाळं कुठे वाढवायचं हे आता प्रकल्पांच्या मागे मागे न ठरता मध्यवर्ती आराखड्यातून ठरू लागलं आहे. प्रकल्पाची जागाही आराखडा, समुद्रतळाचा भाडेपट्टा आणि जोडणीची रांग यांनीच ठरणार असेल, तर दराच्या इशाऱ्याला ऐकणारं कोण?

उलट बाजूही तितकीच खरी. स्कॉटलंड-इंग्लंड सीमेवर वाहिन्या अपुऱ्या असल्याने वारा जोरात असताना उत्तरेच्या पवनचक्क्या पैसे देऊन थांबवाव्या लागतात आणि दक्षिणेत गॅस पेटवावा लागतो. तिकडे आणखी प्रकल्प ओढले की हा खर्च वाढतो, आणि टीएनयूओएसमध्ये तो येतच नाही, तो क्षणोक्षणी मागणी-पुरवठा जुळवण्याच्या खर्चासाठीच्या संतुलन शुल्कात जातो. म्हणजे एका बाजूने दर फुगलेला, दुसऱ्या बाजूने अपुरा. दोन्ही चुका एकमेकींना कितपत खोडतात, ते विभागागणिक आणि वर्षागणिक बदलतं.

वसुलीतला खड्डा शेवटी कोण भरतं?

इथे एक नियम महत्त्वाचा आहे, जो घाईत सुटतो. 2010 च्या 838 क्रमांकाच्या युरोपीय नियमावलीनुसार ब्रिटनमध्ये निर्मात्यांवरचं सरासरी वार्षिक पारेषण शुल्क मेगावॉट-तासाला 0 ते 2.50 युरो या पट्ट्यात ठेवावं लागतं. ब्रिटन संघातून बाहेर पडला, तरी पट्टा राहिला, आणि तोही युरोतच. सरासरी पट्ट्याबाहेर जात असेल तर सगळ्या निर्मात्यांच्या दरात सरसकट समायोजन होतं.

आता दोन शक्यता. निर्माते आधीच वरच्या टोकाला टेकलेले असतील, तर सर्वांना उणे समायोजनाची सूट मिळत असते. उत्तरेला मर्यादा घातली की एकूण वसुली कमी भरते, त्यामुळे ती सूट आटते आणि खड्डा मुख्यतः दक्षिणेचे निर्माते भरतात. ग्राहकांना लगेच काही जाणवत नाही. पट्ट्याच्या आत असतील, तर नियमात वेगळी सोय नसल्यास खड्डा ग्राहकांकडे जातो. एकाच मॉडेलात पहिली काही वर्षं एक स्थिती आणि नंतर दुसरी, असंही होऊ शकतं. वीस वर्षांची बेरीज एका आकड्यात दाखवली की हे सारं झाकलं जातं.

ग्राहकांकडे गेला तर वापर कमी होऊन कल्याण घटणार नाही का?

फारसं नाही. एप्रिल 2023 पासून पारेषणाची उर्वरित, म्हणजे विभागवार दरांतून न भागणारी, वसुली ग्राहकांकडून ठरावीक रकमेने होते. घर कितीही वीज वापरो, रक्कम तीच. वापराच्या निर्णयावर परिणाम नगण्य, म्हणून पाठ्यपुस्तकातला तो कल्याणहानीचा त्रिकोण इथे चिमुकला असतो. मात्र दिवसाला दोन दिवे लावणाऱ्या एकट्या वृद्धेवर आणि गरम पाण्याचा तलाव असलेल्या बंगल्यावर बोजा सारखाच पडतो. कार्यक्षमतेच्या हिशेबात हे कुठेच दिसत नाही. ब्रिटिश ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) ग्रीन बुक या सरकारी योजनांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेत उत्पन्नगटानुसार वेगवेगळं वजन लावायची, म्हणजे गरिबाच्या पौंडाला जास्त मोल द्यायची, सोय आहे. ती वापरलेली असेल तर दोन्ही उत्तरं, वजनासह आणि त्याविना, शेजारी शेजारी मागावीत.

आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पांचं काय?

बहुतेकांसाठी घबाड. सीएफडी करारातला भाव महागाईनुसार वर जातो, पारेषण शुल्क उतरलं म्हणून खाली येत नाही. जुन्या अनुदान योजनेतले पवनप्रकल्प घाऊक बाजारात विकतात आणि तिथला भाव अनेकदा गॅस ठरवतो. पवनचक्की आधीच उभी आहे, शुल्क कमी केल्याने ती दुसरीकडे चालत जात नाही. शुद्ध हस्तांतर.

अपवाद बंद होण्याचा किंवा आयुष्य वाढवण्याचा. फाइफमधलं 2,400 मेगावॉटचं लाँगॅनेट कोळसा केंद्र मार्च 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा मालक कंपनीने कार्बन कराबरोबर पारेषण शुल्काचंही कारण दिलं होतं. शुल्काला जुने प्रकल्पही प्रतिसाद देतात ते असे. तिथे कार्बनचा हिशेब धरला तर शुल्काने समाजाचं भलंच केलं असंही कोणी म्हणेल, पण पारेषण शुल्काकडून कार्बन कराचं काम करून घेणं ही वाईट रचना आहे.

मर्यादा फक्त नव्या प्रकल्पांना द्यावी म्हटलं, तर हस्तांतर घटतं, पण शेजारशेजारच्या दोन पवनक्षेत्रांना एकाच वाहिनीसाठी वेगळा दर लागतो. भेदभावाचा आक्षेप येणारच.

जोखीम कमी झाल्याचा फायदा किती मोठा?

मला विचाराल तर मर्यादेच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच आहे. नुसतं शुल्क कमी होणं म्हणजे हस्तांतर. शुल्क किती होईल हे कळणं ही खरी बचत, कारण त्यामुळे भांडवल स्वस्त होतं.

पुन्हा कल्पित आकडे: किलोवॉटमागे 3,000 पौंड गुंतवणूक, 25 वर्षं आयुष्य. भांडवलाचा दर 6 टक्के असेल तर वर्षाला 234.7 पौंड वसूल व्हावे लागतात, 6.5 टक्के असेल तर 245.9. अर्ध्या टक्क्याचा फरक वर्षाला साधारण 11 पौंड, म्हणजे आपल्या 45 टक्क्यांच्या प्रकल्पात मेगावॉट-तासाला जवळपास 2.9 पौंड. वरच्या उदाहरणातल्या जागाबदलाच्या नफ्या-तोट्याच्या तोडीचा आकडा आहे हा.

पण सावध राहा. अर्धा टक्का कुठून आणला? विकासकांना विचारून आणला असेल तर ते मोठाच सांगणार. शिवाय जोखीम नाहीशी होत नाही, ती ग्राहकांकडे सरकते. जाळं महाग पडलं तर मर्यादेवरचा भाग आता तेच भरणार. ग्राहक लाखोंच्या संख्येने असल्यामुळे ती जोखीम स्वस्तात पेलतात, हे म्हणणं योग्य आहे. फुकटात पेलतात, हे नाही. मॉडेलात विकासकाच्या भांडवलाची बचत मांडली असेल आणि ग्राहकांच्या जोखमीचा रकानाच नसेल, तर हिशेब अर्धा आहे.

आणि हेही खरं की अनिश्चितता कमी करायला दर उतरवायची गरज नसते. दहा वर्षांसाठी दर आहे त्या पातळीवर गोठवला तरी जोखीम जाते. 'मर्यादेचा फायदा' म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं किती गोठवूनही मिळालं असतं, हे वेगळं काढलेलं असायला हवं.

तुलना कशाशी करायची?

पर्यायी जग ठरवणं हेच निम्मं काम आहे. मर्यादा नसती तर दर अंदाजाप्रमाणे वाढलेच असते? तसे वाढू लागल्यावर उत्तरेचे प्रकल्प रद्द झाले असते, मग जाळ्याची गरज आणि दरही उतरले असते. दर जागेवर अवलंबून, जागा दरावर. नीट मॉडेल हे चक्र स्थिर होईपर्यंत फिरवतं. बरीचशी मॉडेलं प्रकल्पांची यादी गोठवतात आणि फक्त पैसे कुठून कुठे गेले ते मोजतात. तसं करायला हरकत नाही, पण त्या मॉडेलाला निव्वळ कल्याणाचा प्रश्न विचारताच येत नाही. यादी गोठवली तेव्हाच उत्तर शून्य ठरलं.

किमान मर्यादा कशासाठी?

दक्षिणेतला उणे दर फार उणे होऊ नये म्हणून. वरच्या मर्यादेमुळे पडलेला खड्डा थोडा भरून निघतो. तत्त्व म्हणून फार काही नाही, पण राजकीयदृष्ट्या समतोल दिसतो.

विभागवार घाऊक भाव नाकारले गेले, त्याने काही बदलतं का?

बदलतं. जुलै 2025 मध्ये सरकारने विभागवार घाऊक भावांची कल्पना सोडून देशभर एकच भाव कायम ठेवला. त्यामुळे दरांतून जागेचा इशारा मुख्यतः टीएनयूओएसच देतं. त्याला मर्यादा घातली की उरतो तो मध्यवर्ती आराखडा. आराखड्यावर भरवसा असेल तर मर्यादेची किंमत थोडी, नसेल तर मोठी. 2025 आधीचं एखादं मॉडेल विभागवार भाव येतील असं धरून बसलं असेल, तर त्याचे जागाबदलाचे आकडे आता उपयोगाचे नाहीत.

मर्यादा तात्पुरती असेल तर ती संपल्यावर काय होईल असं धरावं?

निदान तीन प्रकारे धरून पाहावं. एक, ठरलेल्या वर्षी दर एकदम मूळ सूत्रावर उडी मारतो. दोन, तोवर सूत्रच सुधारतं आणि दर मर्यादेच्या आसपास स्थिरावतो. तीन, मर्यादा लांबत जाते. सीएफडी करार 15 वर्षांचे असत, पवन आणि सौर प्रकल्पांसाठी लिलावाच्या सातव्या फेरीपासून ते 20 वर्षांचे झाले. मर्यादा त्याआधी संपणार असेल, तर विकासक बोली लावताना मर्यादेनंतरच्या वर्षांची धास्ती आजच भावात मिसळणार. पहिल्या प्रकारात भांडवल स्वस्त होण्याचा फायदा म्हणूनच बराचसा विरतो. ग्रीन बुकचा 3.5 टक्क्यांचा सामाजिक सूटदर (पुढचे पैसे आजच्या किमतीत मोजायचा दर) लावला तर पंधराव्या वर्षीचा पौंड आज सुमारे 60 पेन्सचा ठरतो, म्हणजे शेपटाकडची वर्षं मॉडेलातही चांगलीच वजनदार असतात. विकासकाच्या 6-7 टक्क्यांनी तेच 40 पेन्सच्या आसपास येतं. कोणत्या रकान्याला कोणता दर लावला आहे, हे परिशिष्टात शोधावं लागतं.